फक्त तुम्हीच राहिलात

रब्बी हनोख थळकरांच्या पहिल्या पुण्यतिथीला न येण्याबद्दल सगळ्यांनी फार सुंदर लिहिलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेणबत्त्या पेटल्या. एन्नोरच्या वीज केंद्रातल्या सायमन चेऊलकरने 'माझे दुसरे वडील' असं लिहून खाली 'आज जमणार नाही' जोडलं. श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यातल्या एझ्रा रोहेकरांना तर शब्दच सुचत नव्हते, आणि हे त्यांनी चार परिच्छेदांत सांगितलं.

मला शब्द नको होते, माणसं हवी होती. कद्दीश, म्हणजे मुलाने वडिलांसाठी म्हणायची प्रार्थना, दहा प्रौढ ज्यू पुरुष हजर असल्याशिवाय होत नाही. त्या दिवशी चेन्नईत आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, पुरुष सगळे मिळून बारा. बारावा रब्बींचा मुलगा योनातान; तो इस्रायलहून एवढ्यासाठीच आला होता आणि रात्रीच्या विमानाने परत जायचा होता. "बाबांच्या घरात, बाबांच्या माणसांत, एकदा," एवढंच त्याचं मागणं.

आमच्यात माणसं मोजत नाहीत. म्हणून रब्बी दहा शब्दांचं एक वचन म्हणत आणि एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत. मीही म्हणून पाहिलं. शेवटचे दोन शब्द हवेतच राहिले.

रब्बींचा गिंडीतला फ्लॅट मात्र खचाखच भरला होता. रोज त्यांच्याबरोबर फिरायला जाणारे तंजावरचे बालाजीराव सगळं कुटुंब, खुर्च्या आणि मोगऱ्याचा हार घेऊन आले होते. फोटोला हार घालणं आमच्यात नाही म्हटल्यावर तो फ्रिजवर विसावला.

"अय्यो, इतके बसलोत ना आम्ही!" बालाजीराव म्हणाले. "आम्हांतलेच दोघे धरा की."

"धरता येत नाही, बालाजीराव."

"रब्बी अय्यांनी धरले असते."

"त्यांनी तर मुळीच नाही."

"तेही खरंच. माझ्या घरचं सांबार कधी चाखलं नाही त्यांनी. वास मात्र पोटभर घेऊन जायचे." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मग त्यांच्या वेळेस दहा कसे व्हायचे?"

प्रश्न मला आवडला नाही. रब्बींच्या वेळी लोक रखडत, कुरकुरत येत, पण येत. मी तर सगळं शिस्तीत केलं होतं. आगाऊ सूचना, नकाशा, पार्किंगची सोय. शिवाय कोणावर दडपण नको म्हणून शेवटी लिहिलं होतं, 'आपण बारा जण आहोत, एखाद-दुसरा नाही आला तरी अडचण नाही.' चौघांनी स्वतःला एखाद-दुसऱ्यात धरलं.

"फोन करायचे ना ते," बालाजीरावच म्हणाले. "पार्कात चालता चालता. 'नऊ जण येऊन बसलेत, फक्त तुम्हीच राहिलात.' घरास कुलूप, आणि किल्ली ह्यांच्या खिशात!"

ते वाक्य ऐकून मी कितीदा कारखान्यातलं चालू यंत्र सोडून रिक्षाने आलो होतो, आणि रब्बी एकटेच सतरंजी झटकत असायचे. बाकीचे कुठेत विचारलं की म्हणायचे, "येतीलच." मला वाटे, हे वाक्य खास माझ्यासाठी आहे.

मी रोहेकरांना फोन लावला. "नऊ जण बसलेत, एझ्राभाऊ. फक्त तुम्हीच राहिलात."

"आठ असतील."

"...आठच आहेत."

"जमत नसेल तर थापा मारू नका हो. रब्बी काय सुरेख मारायचे!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. पण फोन तर यायचा ना? तुमचा नकाशा आला." मागे बसचा आवाज येत होता. "कंपनीच्या बसमध्ये आहे. गिंडीला उतरायचं की पुढे घरी जायचं, तेवढंच ठरायचं होतं."

सायमनला मी तीच थाप जरा बऱ्या आवाजात मारली.

खाली योनातानची विमानतळाची टॅक्सी येऊन उभी राहिली तेव्हा जिन्यात पावलं वाजली. रोहेकर आणि सायमन एकदमच दारात पोचले आणि तिथेच थांबले.

"या, एझ्राभाऊ. मी दहावा."

"दहावा मी. फोन मला आधी आला. तू शीर आत."

"मोठ्यांनी आधी जावं."

"लहानांनी मोठ्यांचं ऐकावं!"

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. बालाजीराव मिटक्या मारत मजा बघत होते. मी दोघांच्या दंडांना धरलं आणि एकदम आत ओढलं. कोणता शब्द कोणावर पडला ते पाहिलं नाही. योनाताननं सुरुवात केली होती.