दिवस बुडायच्या आत

लहानपणी मी रोज संध्याकाळी दोनदा जेवायचो, ही माझी आवडती गोष्ट. चाळिशीनंतर लिहायला शिकलो तेव्हा सगळ्यात आधी हीच लिहून काढली. नातवंडांना तर ती पाठ झाली आहे.

मंगळवार पेठेत आमच्या शेजारी राजमतीकाकू राहायच्या. जैनाचं घर, जेवणं दिवस बुडायच्या आत. आमची आई कामावरून यायची आणि चूल पेटायची ती अंधार पडल्यावर. मी काकूंच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो की त्या आत बोलवायच्या. गरम भाकरी, मुगाची आमटी, वर सायीचं दही. पोट भरलं की त्यांच्या पदराला हात पुसून घरी पळायचो आणि थोड्या वेळानं आईच्या चुलीपुढं पुन्हा बसायचो. तिथं खर्डा आणि फोडलेला कांदा. तसं सुख परत मिळालं नाही.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. परवा त्यांची थोरली लेक रोहिणीआक्का माहेरी आल्याचं कळलं. तिला ही गोष्ट सांगायची आणि दोघांनी मिळून हसायचं, एवढ्यासाठी गेलो. ऊन उतरलं होतं. आक्काची भाचेसून ऐश्वर्या माझ्यापुरतं ताट घेऊन आली.

"बस गप. लई नको-नको करू नकोस," आक्का म्हणाली.

जेवता जेवता मी गोष्ट सांगितली. ऐश्वर्या खुदकन हसली. आक्का हसली नाही.

"म्हंजे घरी जाऊन परत जेवायचास व्हय रं, ज्ञानू?"

"व्हय की! दाबून."

"आणि आमची आई म्हणायची, ज्ञानूची आई उशिरा येती, पोरगं उपाशीच झोपत आसंल."

माझा घास हातातच राहिला.

"तू खायचास ते आईचं आसायचं," ती म्हणाली. "ती सगळ्यांच्या मागनं बसायची. तेवढं संपलं की परत भाकरी थापायला दिवस कुठं उरायचा? मग पाणी बी सकाळीच."

"मला कुणी सांगितलं न्हाय, आक्का."

"सांगू देत न्हवती ती. मी एकदा बोलायला गेल्ते, तर माझ्याच पाठीत धपाटा."

"आत्या, जेवू द्या की त्यांना," ऐश्वर्या हळूच म्हणाली.

माझी मान वर होईना. ताट सारून उठून जावंसं वाटलं. पण पुढ्यात अर्धी भाकरी होती, आणि त्या घरात ताटात टाकून उठत नाहीत. आक्काही काकूंसारखीच, आलेला माणूस उठल्याशिवाय जेवायला बसणार नाही. खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर चढत चढत आढ्याला टेकायला आलं होतं.

"आक्का, तू बी बस की माझ्यासंगं."

"आदी पावण्यानं उठायचं. आवर लवकर."

मी न चावताच घास गिळू लागलो. ठसका लागला. ऐश्वर्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. तेवढा वेळही घालवायचा धीर झाला नाही. तांब्या बाजूला सारून मी उरलेली भाकरी तोंडात कोंबली.