फार्मर्स आर्म्स, मागच्या दाराने

मी संशयी आहे, असं माझ्या माहेरी, सासरी आणि इथे ओमानात वादी कबीरच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये म्हणतात. म्हणू देत. खालचा नवा वॉचमन दुसऱ्याच्याच व्हिसावर काम करतोय, हे कुणी ओळखलं? मीच. पण नवऱ्याच्या, कौशिकच्या एनओसीच्या वेळी मी जे करून बसले, ते सांगायला अजून जीभ रेटत नाही.

२०१६ साल होतं. तेलाचे भाव पडले होते आणि कौशिकची सर्व्हे कंपनी गाशा गुंडाळत होती. कौशिक ड्राफ्ट्समन, नकाशे काढणारा. दुसऱ्या कंपनीने त्याला घेतलं होतं, पण आधी एनओसी आणा म्हणे, म्हणजे जुन्या मालकाचा ना-हरकतीचा कागद. तो नाही मिळाला तर दोन वर्षं ओमानचं तोंड बघायचं नाही. लेकीची, पूर्वाची नववी अर्धवट टाकून सगळ्यांनी घरी परत! आणि मालक, म्हणजे आमचा अर्बाब, इब्रीला आपल्या घरी जाऊन बसलेला. त्याच्याकडे शब्द टाकू शकेल असा एकच माणूस होता, कौशिकचा इंग्रज साहेब, पार्किन. तोही गुरुवारी कायमचा मायदेशी निघालेला.

"मंगळवारी सकाळी सहाला माझ्या गाडीतून इब्रीला जाऊ," साहेब कौशिकला म्हणाला होता. "अर्बाबला माणूस समोर लागतो."

आता बघा, एवढी टांगती तलवार डोक्यावर, आणि हा बाबा ऑफिसातून आला की बेडरूमचं दार लावून घ्यायचा. आत ट्रेसिंग पेपरची चरचर. काय करतोयस विचारलं की, "ऑफिसचं काम गं." बंद पडत चाललेल्या ऑफिसचं कसलं आलंय काम? रविवारी तो अंघोळीला गेल्यावर मी त्याची बॅग उघडली. नकाशाची गुंडाळी होती, आणि साहेबाच्या अक्षरातली एक यादी. फार्मर्स आर्म्स, मागच्या दाराने जा. ब्लॅकस्मिथ्स आर्म्स, डोकं सांभाळ! क्वीन्स आर्म्स, मॅगीला माझं नाव सांग. मग व्हाइट हार्ट, ब्लॅक हॉर्स, आणि प्रत्येकापुढे मैल.

"पूर्वा, आर्म्स म्हणजे काय गं?"

"वेपन्स. गन्स अँड ऑल," मोबाइलमधून डोकंसुद्धा वर न काढता पोरगी म्हणाली.

हत्यारं! एक पार्टी शेतकऱ्यांची, एक लोहारांची, एक कुठल्याशा राणीची. मध्ये ती मॅगी. आणि ठिकाणांचे नकाशे कोण काढतोय, तर माझा नवरा! म्हणजे हा साहेब एनओसीचं गाजर दाखवून त्याला इब्रीपर्यंत नेणार, वाटेत कुणाच्या तरी हातात नकाशा देणार, आणि पोलीस आले की आत कोण जाणार? इंग्रज थोडाच जाणार! कौशिकला विचारून उपयोग नव्हता. तो भोळा सांब.

मंगळवारी पहाटे तो दाढी करत होता, तेव्हा त्याच्याच मोबाइलवरून मी साहेबाला मेसेज ठोकला, 'कौशिक फीवर. नॉट कमिंग.' आणि नकाशा न उलगडताच टराटरा फाडला.

कौशिक बाहेर आला आणि जागच्या जागी थिजला.

"हे काय केलंस?"

"तुरुंगातून वाचवलं तुला! हत्यारं विकतोय तुझा साहेब!" मी यादी त्याच्या नाकासमोर धरली.

त्याने यादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगं बये, पब आहेत ते! पब! त्याच्या गावाकडचे, तिकडे पबांना अशीच आर्म्स-बिर्म्स नावं असतात. त्याचे आवडते. रिटायर होऊन मित्रांबरोबर पायी फिरणार आहे तो. म्हणून नकाशा काढून मागितला होता."

"आणि डोकं सांभाळ?"

"दार बुटकं आहे तिथलं!"

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला? पब म्हणून?" एवढंच म्हणाला. ऑफिसच्या पार्टीत पिऊन आला होता, तेव्हा मी त्याला पूर्वाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. त्यानंतर घरात दारूचा शब्द निघाला तरी मी आठवडाभर बोलत नसे.

त्याने साहेबाला फोन लावले, दहा-बारा तरी. गाडी चालवताना साहेब फोन घेत नाही. मग तो फरशीवर बसून चिकटपट्टीने तुकडे जोडत राहिला. तुकड्यांवर इवलीइवली घरं होती, धुराडी होती, ओढ्यावरचा पूल होता. किती निगुतीने काढलं होतं माझ्या माणसाने! मी पण शेजारी बसले. एनओसी गेली, हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

संध्याकाळी मगरिबची बांग झाली आणि बेल वाजली. दारात पार्किनसाहेब, घामाने भिजलेला. एका हातात खजुराचा डबा, दुसऱ्या हातात पाकीट. तो इंग्रजीत बोलला ते मलाही कळलं. माणूस तापाने पडलाय म्हटल्यावर अर्बाब विरघळला, सही दिली, वर पेशंटसाठी घरचा खजूर दिला. मग साहेबाची नजर फरशीवर गेली. ठणठणीत कौशिक, मांडीवर नकाशाचे तुकडे.

"सर, ते..." कौशिक अडखळला. तो माझ्यावर पांघरूण घालणार, हे मला दिसत होतं. मला ते सोसवेना.

"पूर्वा, सांग त्यांना. मेसेज मी केला. नकाशा मी फाडला. मला वाटलं, तुम्ही हत्यारं विकता."

"आई, नो!"

"सांग म्हणते ना!"

पूर्वाने सांगितलं, मान खाली घालून. मला वाटलं, साहेब हसेल. नाही हसला. या माणसाने नऊ वर्षं माझ्या घरी दिवाळीचा फराळ खाल्ला होता, दरवेळी चकली मागून घ्यायचा. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं आणि पूर्वाकडे बघून हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात?"

पूर्वाच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हणतात, आईला सांग, पेपर नीट चेक करून घे. सही अर्बाबचीच आहे."

शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि खोटं कशाला बोलू, पाकिटातून कागद अर्धा बाहेर आला होता, आणि माझी नजर तेवढ्यात शिक्क्यावर गेलीच. साहेबाने ते पाहिलं.