आठवड्याची घडी

आठवड्याची घडी बसवायला मला सहा-सात महिने लागले. मोडायला एक नवरात्र पुरलं.

सोमवारी आणि गुरुवारी पहाटे पळायचं, तेही माझा नवरा आनंद करजणच्या कंपनीची बस पकडायला निघायच्या आत, कारण तेवढ्या वेळात आमच्या लेकीजवळ, अहल्येजवळ झोपायला तो असायचा. मंगळवारी, बुधवारी आणि शुक्रवारी ऑफिसला सायकल. बडोद्यात अकोट्याहून नदीवरचा पूल ओलांडून रावपुऱ्यात, आणि पुलावर माणसं कठड्याला लटकून मगर बघत उभी असली तरी थांबायचं नाही. शनिवारी दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या कांचनबेनकडे वजनं उचलायची. त्यांनी मागच्या खोलीत छोटी जिमच मांडली आहे. आणि रोज संध्याकाळी अहल्येला बाबागाडीत घालून सोसायटीभोवती चालायचं. रविवारी काहीच नाही.

माझ्या सासूबाई, प्रतिमा त्यांचं नाव, मी आईच म्हणते, त्या हे सगळं बघून म्हणायच्या, "आमच्या वेळी दोन बादल्या धुणं पिळलं की झाला व्यायाम. पळायला पाठीमागे कोण लागलंय तुझ्या?"

मी हसायचे. पाठीमागे कोण लागलंय ते मला माहीत होतं.

अहल्या तीन महिन्यांची असताना मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दुःख होत होतं असंही नाही. चहाला चव नव्हती. गॅससमोर उभी असायचे, दूध वर येताना दिसायचं, आणि हात उचलायचा असतो हे कळूनही तो उचलला जायचा नाही. अहल्या माझ्या मांडीवर रडत असायची आणि ते रडणं शेजारच्या घरातून आल्यासारखं वाटायचं. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटायची. कुणाचं तरी बाळ रडतंय, कुणीतरी घ्या बिचारीला, असं मनात यायचं, आणि मग लक्षात यायचं की ती माझी आहे.

घरात याला अशक्तपणा म्हणायचे. बाळंतिणीला असतो, डिंकाचे लाडू खा. मग आनंद मला डॉक्टर निरुपमाबेनकडे घेऊन गेला. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि पुढे मी जराशी माणसात आल्यावर आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत सांगितलं, "गोळी आपण धीरे धीरे ओछी करशुं, कमी. पण शरीर हलतं पाहिजे, रोज. एकच एक नको, कंटाळशील. पळ, सायकल चालव, वजन उचल, काहीच नाही जमलं तर नुसती चाल. अने एक दिवस आराम. आराम पण कसरत छे, बेन."

त्यांचं बाकीचं सगळं मी अक्षरशः पाळलं. आराम तेवढा जमला नाही. रविवारी अहल्येचं तेल-न्हाणं, आठवड्याचे कपडे, आनंदचे मित्र, कुणी ना कुणी जेवायला. पण पळत नाहीये ना, मग तो आराम, असं मी धरून चालले. श्रावणात शेवटची गोळी बंद झाली आणि मी ठीक होते. पळून आल्यावर अहल्येच्या मानेत नाक घातलं की तिचा वास मला यायचा. मागच्या वर्षी तोसुद्धा येत नव्हता.

मग भाद्रपद संपता संपता आई म्हणाल्या, "या वर्षी घटाला तू बस. माझ्या टाचा अशा फुटल्यात, त्यात शुगर. डॉक्टर अनवाणी चालू देत नाहीत."

आमच्याकडे घट बसले की घरची सून नऊ दिवस पायात काही घालत नाही. इतकी वर्षं ते आईंनी केलं.

"बसते की," मी म्हटलं.

"झेपेल ना? मागच्या वर्षी तुझा तो अशक्तपणा होता..."

त्या मायेनंच म्हणाल्या. पण ते "झेपेल ना" मला लागलं. मागच्या नवरात्रात मी घटाची माळ बदलायलाही उठले नव्हते. अहल्येला खांद्यावर टाकून, एका हातानं, आईंनीच सगळं केलं होतं.

घट बसले त्या दिवशी हात जोडताना माझ्या मनात एक सौदा ठरून गेला. मी काही मोडलं नाही, तर ते परत येणार नाही. देवीचे नऊ दिवसही मोडायचे नाहीत आणि माझा आठवडाही नाही.

आई म्हणाल्या होत्या, "अनवाणी म्हणजे घरात आणि देवळात गं. बाहेर चपला घाल."

मी घातल्या नाहीत. सायकलच्या पेडलचे दाते तळव्यात रुतायचे, ऑफिसात सगळे टेबलाखाली वाकून बघायचे. गुरुवारी बूट दारातच ठेवले आणि डांबरी रस्त्यावर अनवाणीच पळाले. एकवेळचं जेवण, बाकी साबुदाणा आणि केळं. संध्याकाळी सोसायटीच्या चौकात गरबा सुरू झाला की कांचनबेन हाताला धरून ओढायच्या, "चालो सुनीतीबेन, एकच राउंड!" बडोद्यात एकच राउंड कुणी खेळलंय का? गरब्याला मी व्यायामात धरलंच नाही. तो तर सण. बडोद्यात जन्मलेल्या बाईला गरब्यानं काही होतं असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलेच असते. अष्टमी नेमकी रविवारी आली, आणि माझा आरामाचा दिवस पुरण वाटण्यात गेला.

डाव्या नडगीवर एक जागा दुखायला लागली होती. अंगठ्यानं दाबली की बरोबर तेवढीच दुखायची, तिच्या वर नाही आणि खाली नाही. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर काहीतरी मोडावं लागलं असतं.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी पहाटे बूट घातले. आता पायाखाली गादी आहे, आता काय? कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत गेले आणि पाय टेकेना. झाडाला धरून उभी राहिले, मग रिक्षा केली.

आईंनी दार उघडलं. "पळायला गेलेली माणसं रिक्षानं येतात होय?"

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला. हाडाला केसाएवढी चीर होती. सहा आठवडे पळणं बंद, सायकल बंद, चालणं घरातल्या घरात गरजेपुरतं, पट्ट्यांचा जाड बूट घालून. घरी आल्यावर आईंना कळलं की मी रस्त्यावर अनवाणी पळत होते.

"देवीला काय तुझे बूट खुपत होते गं?" त्या खूप रागावल्या. रागानं त्यांनी माझ्यासाठी शिरा केला.

आनंद पायाखाली उशी ठेवत म्हणाला, "सहाच तर आठवडे. सुनीती, आयता आराम मिळालाय, घे की जरा. आईसुद्धा आहे."

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण आराम हा शब्द ऐकून मी आजूबाजूला बघितलं. पलंग तोच होता. भिंतही तीच.

पहिले काही दिवस मी घडी वाचवायचा प्रयत्न केला. खुर्चीत बसून पाण्याच्या बाटल्या उचलल्या. कांचनबेननी रबरी पट्टा आणून दिला, तो खिडकीच्या गजाला बांधून ओढला. ऑफिसला रिक्षानं गेले. रोज सकाळी मी स्वतःला तपासायचे. चहा गोड लागतोय का? लागतोय. अहल्या हसली तर मला हसू येतंय का? आलं. जरा उशिरा आलं का? कुणी जिना चढतंय का म्हणून कान देऊन बसावं, तशी मी बसलेली असायचे. आनंदला एकदा सांगू गेले, "मला भीती वाटतेय." तो म्हणाला, "हाड जुळतं गं, तरुण आहेस." मी रबरी पट्टा ओढत राहिले.

दुसरा आठवडा लागला आणि चहाचं कळेनासं झालं. गोड होता बहुतेक.

सोमवार होता, माझा पळायचा. आनंद करजणला गेलेला. आई आंघोळीला गेल्या होत्या. मी दूध तापत ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. अहल्या उठून, तिच्या त्या बदकाच्या चालीनं, चपलांच्या कपाटाकडे गेली. मी पळायला निघायचे तेव्हा कधी जागी असली की ती मला बूट आणून द्यायची, आधी डावा. आजही ती डावा बूट पोटाशी धरून आली.

"बू," ती म्हणाली.

"नाही सोना. आईच्या पायाला बाऊ झालाय."

"बू!" तिनं तो माझ्या पट्ट्यांच्या बुटावर आपटला. मी नुसती बघत राहिले. तिला वाटलं असणार, की मी खेळतेय. तिनं परत दिला, मी घेतला नाही. मग तिचा ओठ वाकडा झाला आणि ती रडायला लागली.

आणि ते रडणं भिंतीपलीकडून आलं.

ती माझ्या गुडघ्याला धरून उभी होती. तिची बोटं मला दिसत होती, नखं वाढली होती, कापायला हवी होती. आणि आवाज शेजारून येत होता. गॅसवर दूध वर चढत होतं. साय फुगली. बटण हाताच्या अंतरावर होतं. मला सगळं माहीत होतं. दूध भांड्याच्या काठावरून उतरलं, बर्नरवर पडलं, जळका वास सुटला, आणि मी उभी.

मागच्या वर्षी मी अशीच उभी राहायचे. कुणी आलं की म्हणायचे, लक्ष नव्हतं.

"आई!" मी ओरडले. आवाज एवढा मोठा आला की अहल्या रडायची थांबली. "आई, इकडे या!"

ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला, साडी कशीबशी खोचलेली, अशा त्या धावत आल्या. गॅस बंद केला. "अगं, समोर उभी राहून दूध उतू घालवलंस? म्हटलं पोर भाजली की काय!" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज उतरला. "काय झालं? चक्कर येतेय? अशक्तपणा वाटतोय का? बस, सरबत देते."

"अशक्तपणा नाही, आई."

"मग?"

"मागच्या वर्षीचं ते परत येतंय. अहल्या इथं रडतेय आणि मला लांबून ऐकू येतंय. मागच्या वर्षीही असंच व्हायचं. अशक्तपणा नव्हता तो. मी पळत होते ते हे येऊ नये म्हणून. आता पळता येत नाही."

ओट्यावरून दूध खाली ठिबकत होतं. त्यांनी अहल्येला उचलून कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं खुर्ची ओढून मला बसवलं, आणि स्वतः खाली फरशीवर बसल्या, त्या दुखऱ्या टाचांवर.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही सगळे अशक्तपणा म्हणत होतात. मीही तेच म्हटलं."

"आम्हाला तेवढंच म्हणता येत होतं गं." त्या पंच्याच्या टोकानं अहल्येचं नाक पुसत राहिल्या. "मग ते अनवाणी पळणं... त्यासाठी?"

मी मान हलवली.

"देवीनं असले सौदे कधी केलेत का बाई कुणाशी." त्यांचे डोळे भरले होते, पण सूर रागावल्याचाच होता. "सांग, आता काय करायचं? मला यातलं काही कळत नाही. तू सांगशील ते करते."

"निरुपमाबेनना फोन."

माझ्या फोनवरचं नाव त्यांना चष्म्याशिवाय दिसेना, मी लावून दिला. आई फोनवर नेहमी पलीकडच्या माणसाला फोनशिवायही ऐकू जावं अशा बोलतात. खिडकी उघडी होती. समोरच्या बाल्कनीत कांचनबेन कपडे वाळत घालत होत्या. मागचं वर्षभर या सोसायटीत कुणी विचारलं, तर आई सांगायच्या, सूनबाईला जरा थकवा आहे.

"निरुपमाबेन? हुं सुनीतीनी सासू बोलुं छुं," त्या म्हणाल्या. मग थोडं ऐकलं. "ना बेन, ना. पगनुं नथी," पायाचं नाही म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. आवाज कमी केला नाही. "मननुं छे."

कांचनबेनचे हात दोरीवर थांबले. मग त्यांनी आमच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि पुढचा कपडा झटकला.

निरुपमाबेननी अकरा वाजता बोलावलं. बाळालाही आणा म्हणाल्या. गोळी पुन्हा सुरू करावी लागेल, त्यात हरल्यासारखं काही नाही, आणि तोवर सुनीतीला एकटी ठेवू नका.

मी ओटा पुसायला उठले तर आईंनी फडकं हातातून काढून घेतलं. "राहू दे. वाळू दे तिथंच." त्यांनी केसही विंचरले नाहीत. "गरजेपुरतं चालायला सांगितलंय ना डॉक्टरांनी? मग चल. गरज आहे."

आम्ही दारातून बाहेर, जिन्यासमोरच्या त्या अरुंद व्हरांड्यात आलो. एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला तुळस. आईंनी त्यांचा दंड माझ्या हातात दिला. त्या टाचा उचलून, मी डावा पाय उचलून, दोघी लंगडतच निघालो. अहल्या पुढे, डावा बूट छातीशी धरून. दर दोन पावलांनी ती मागे वळून बघत होती, आम्ही येतोय की नाही.

तुळशीपाशी ती धपकन बसली आणि कुरकुरायला लागली. अजून ते थोडं लांबूनच येत होतं.

"ऐकू येतंय?" आईंनी विचारलं.

"लांबून."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि माझा हात आपल्या दंडावर घट्ट दाबून धरला. "चल, अजून एकदा लिफ्टपर्यंत."