डाव्या पायाची वहाण

मित्रांनो, मी एक जुनी वहाण आहे. डाव्या पायाची. उजवी माझी बहीण. ती शांत, मी पहिल्यापासून तोंडाळ. हसनाबादच्या एका म्हाताऱ्या कारागिराने आम्हाला जाड कातड्यातून कापलं, शिवलं, तेल पाजलं. तरी महिनाभर आम्ही करकरत होतो आणि कडूबा आबांच्या अंगठ्याला चावतही होतो. आबांनी कधी तक्रार केली नाही.

कडूबा आबा पिंपळगाव रेणुकाईचे शेतकरी. सत्तरी गाठली तरी सकाळचा चहा झाला की आम्हाला पायात सरकवून शेताकडे निघायचे. जाऊन-येऊन दोन कोस. गुडघे कुरकुरत नसत, खाल्लेलं पचायचं, पाठ टेकली की घोरणं सुरू. शुगर निघाली होती, पण त्या चालण्यापुढे तिचं काही चालत नव्हतं.

त्यांच्या घरधनीण गिरिजाबाई गेल्या, तेव्हा मात्र आबा तेरा दिवस घरात बसून राहिले. चौदाव्या दिवशी आम्हाला पायात सरकवून शेताकडे निघाले. अर्ध्या वाटेवर त्यांना रडू फुटलं, बांधाशी पोचेपर्यंत ओसरलं, आणि परतताना ते चक्क गिरिजाबाईंशी बोलत होते, पेरणीबद्दल! मग रोजच बोलू लागले. चालता चालता माणसाचं मन हलकं होतं, हे मी तेव्हा पाहिलं.

पुढे त्यांचा मुलगा मच्छिंद्र जालन्यात साहेब झाला आणि आबांना फ्लॅटवर घेऊन गेला. फार मायेचा हो पोरगा, त्याला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. पण पहिल्याच सकाळी आबा आम्हाला घालून दाराशी आले, तर त्यानेच अडवलं.

"आबा, जन्मभर पायी हिंडलात. आता बसून खा. साहेबाचा बाप पायी हिंडून राह्यला, म्हणतीन लोक."

आमच्याकडे म्हातारपणी बसून खायला मिळणं म्हणजे केवढं भाग्य! आबा लाजून हसले आणि खुर्चीत बसले. आमची रवानगी कपाटाच्या तळाशी झाली.

दोन वर्षं गेली. आमचं कातडं आखडलं. फटीतून आबांची खुर्ची दिसायची. आधी त्यांची झोप गेली, मग भूक. गिरिजाबाईंशी बोलणंही थांबलं, आणि मला फार वाईट वाटलं. कुणी विचारलं तर ते नुसतं "बरंय" म्हणायचे.

शेवटी डॉक्टरांनी मच्छिंद्रला सुनावलं, की शुगर फार चढलीय, औषधं देतो, पण यांना बसवून कशाला ठेवलंत? त्याने आम्हाला बाहेर काढलं, स्वतः तेल चोळून मऊ केलं, आबांच्या पायात घातलं. आबा खाली रस्त्यावर निघाले. मी हरखून गेले! दहा-बारा पावलांवर मी निसटले. वाटलं, थांबतील, मागे बघतील. आबा तसेच पुढे गेले, खडीवरून.

"आबा, चप्पल निसटली," मच्छिंद्र मागून म्हणाला.

"न्हाई रे. हाये की पायात."

मग त्यांनी खाली बघितलं. तळव्यातून रक्त येत होतं आणि त्यांना ते कळलंच नव्हतं. साखरेने पाय बधिर करून टाकला होता. मच्छिंद्र मला छातीशी धरून भर रस्त्यात मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, आम्हाला जपून ठेवू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या वहाणा दाराशी असू द्या, आणि सकाळी त्यांच्यासोबत तुम्हीही निघा. आम्ही झिजलो तर दुसऱ्या मिळतील. आबांचा पाय मात्र मला आता ओळखत नाही.