तोफांची सलामी

शहरावर शत्रूची विमानं आली त्याच सकाळी सेनापतींना मुलगा झाला. बॉम्ब सूतगिरणीवर पडले. संध्याकाळच्या बातम्यांत बाळाचं वजन सांगितलं. गिरणीबद्दल ब्रही काढला नाही. लढाईच्या दिवसांत जनतेचं मन खचता कामा नये, असं सरकारचं म्हणणं.

बँडमास्तरांची बायको त्या गिरणीत कामाला होती. दिवस भरले तरी जात होती, कारण सुट्टी मागणाऱ्याला तेव्हा देशद्रोही म्हणत. त्या सकाळी हल्ल्याचा भोंगा वाजताच बायकांनी तिला तळघरात नेलं. तिथेच ती बाळंत झाली. मुलगी वाचली, आई गेली.

वर्ष सरलं. सेनापतींच्या चिटणिसांनी मास्तरांना बोलावलं.

"साहेबांच्या बाळाचा वाढदिवस. झकास चाली वाजवा."

"साहेब, त्याच दिवशी माझी बायको..."

"मास्तर, दुःखाचं नंतर बघू. लढाई संपली की सगळे मिळून एकदाच पोटभर रडू. तोवर जरा कळ काढा."

शिवाय हुकूम निघाला होता: त्या दिवशी जन्मलेली शहरातली सगळी मुलं बंगल्यावर आणायची. बाईसाहेब खेळणी देणार, फोटो निघणार.

"आई, तुम्ही नका येऊ," मास्तर सासूबाईंना म्हणाले.

"का बरं? सरकारचं बोलावणं आहे. नातीला नटवून आणते."

बंगल्यावर बँड दणक्यात सुरू होता. मास्तर काठी हलवत होते, पण मान वर करत नव्हते. सेनापतींची पत्नी, पोरसवदाच बाई, एकेका मुलाच्या हातात खुळखुळा देत सासूबाईंपाशी आली.

"गोड आहे हो! आई नाही आली हिची?"

"हिच्या जन्माच्या दिवशीच गेली, बाईसाहेब. गिरणीवर बॉम्ब पडले ना, तेव्हा."

"बॉम्ब?" बाईसाहेबांनी नवऱ्याकडे पाहिलं. "ती तर बाळासाठी तोफांची सलामी होती ना? तुम्हीच म्हणालात."

सेनापती छातीवरची पदकं चाचपू लागले.

"सलामीच असेल," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या डोक्यावर पडली एवढंच."

चिटणीस बँडकडे धावले. "मास्तर, जोरात! जोरात वाजवा!"

मास्तरांनी काठी खाली ठेवली. आधी कर्णेवाल्याने कर्णा उतरवला, मग ढोलवाला बसला. बाईसाहेबांनी मुलीला उचलून घेतलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर रडायला लागल्या. फोटोग्राफरला काय करावं सुचेना, त्याने सवयीने फोटो काढला. तो अर्थातच छापला गेला नाही.

सरकार मात्र स्वस्थ बसलं नाही. आठवड्यात जाहीर झालं, की गिरणीवरचा हल्ला प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी झाला होता. त्या दिवशी निव्वळ आनंद होता. मास्तरांना दुरुस्त केलेला मृत्यूचा दाखला द्यायला चिटणीस स्वतः घरी आले.

सासूबाईंनी तो वाचून घेतला.

"म्हणजे माझी लेक एक दिवस जास्त जगली?"

"हो, आजी. सरकारी नोंदीप्रमाणे."

"मग त्या रात्री घरी का नाही आली?"

चिटणिसांनी पाणी मागितलं. प्यायले आणि गेले.

पुढच्या वर्षी त्याच सकाळी गिरणीच्या पडक्या फाटकापाशी बायका जमल्या. न बोलवता बाईसाहेबही आल्या, मुलाला कडेवर घेऊन. बाईसाहेब हवापालटासाठी गेल्या होत्या, असं वर्तमानपत्रात आलं. मास्तरांनी त्या दिवशी कर्ण्यावर बायकोला आवडायची ती एकच चाल वाजवली; मधेच कर्णा खाली घेतला, तेव्हा ती बायकांनी गुणगुणून पुरी केली.