आंगनात तापलेलं पानी

बसा बाप्पा, सुपारी कातरा, पन कान इकडं ठेवा. केनवडच्या अलीकडल्या एका गल्लीची गोष्ट सांगतो. तिथं एका बुढीनं आंगनात गंजभर, म्हंजे मोठं पातेलंभर, पानी तापवलं, अन् अख्ख्या गल्लीची इजेची लाइन सुधरली.

बुढीचं नाव गोजराबाई. तिचा बुढा रामराव. त्याची उभी जवानी कापसाच्या जिनिंगमधी रुई उपसन्यात गेली, अन् रुईची धूळ छातीत जाऊन बसली. वाशिमच्या डाक्टरनं सांगतलं, याले आता घरीच आक्सिजनची मशीन लागते. तवापासून खाटेपाशी मशीन घरघर करे. तो आवाज हाय तंवर बुढीले झोप लागे. आवाज थांबला का जाग.

उन्हाळ्यात सांजचे सात वाजले का सगळ्याईच्या मोटरी, कूलर अन् लखनची चक्की संगच चालू. लाइन देनारी डीपी एक, घरं बेचाळीस. होल्टेज पडे, बल्ब हळदीवानी पिवळा होये, मशीन टिट् टिट् करून बंद पडे. मंग सून वैजयंती धावत जाऊन आक्सिजनचं सिलेंडर लावे.

नात निकिता आयटीआय शिकलेली. तिनं मीटरपाशी एक डबी बसवली. होल्टेज उतरलं का डबी गल्लीतल्या सगळ्या मोबाइलवर खबर धाडे, का आज ज्याची पाळी हाय त्यानं अर्धा घंटा मोटर, कूलर, चक्की बंद ठेवा. कॅनॉलच्या पान्याची पाळी असते ना, तशीच ही लाइनची पाळी. कोनाची पाळी कवा, त्याचा कागदबी तिनं घरोघरी वाटला. सगळे हो म्हनले. बंद कोनीच केलं नाही.

"लखनदादा, आज तुमची पाळी होती," निकिता म्हने.

"अव पोरी, गिऱ्हाईकाचं दळन अर्धं टाकू? तुह्या डबीले म्हन, भाकरी थापून दे त्याले."

समोरची ललिताबाई म्हने, "आमचा कूलर तं नुसता आवाज करते. तो बंद केल्यानं कोनाचं काय भलं होनार हाय?"

एक दिवस असा आला का सिलेंडर रिकामं, दुसरं सकाळी येनार. सात वाजले, मशीन थांबली. रामरावचे ओठ काळेनिळे पडाले लागले. छातीत कफ दाटला. वैजयंती सासूले म्हने, "मामीजी, गरम पानी पाजा." गॅस सकाळीच सरला होता. घरात चूल पेटवावी तं धूर त्याच्याच छातीत जाईन. गोजराबाईनं इचार केला नाही. आंगनात तीन दगडं मांडले, काड्या सारल्या, गंज ठेवला.

आता तुमाले तं मालूम हाय, आपल्याकडं दारात, तीन दगडावर, दिवेलागनीले पानी कवा तापवतात. मानूस गेल्यावर. त्याची शेवटची आंघोळ घालाले.

समोरच्या ओट्यावरून ललिताबाईनं जाळ पाह्यला. आत जाऊन टीव्ही बंद केला, कूलर बंद केला. कोनी लखनले सांगतलं. चक्की थांबली, दळन चक्कीत तसंच राह्यलं. मोटरी थांबल्या. गल्ली एकदम गप.

अन् घरात बल्ब पांढरा झाला. मशीन घरघरली.

गोजराबाई पानी घेऊन आत गेली. बुढ्याच्या ओठाले रंग येऊन राह्यला होता. मांगून लखन दारात आला, खांद्यावर दुपट्टा, डोये ओले. खाटेवर बसलेला रामराव पाहून जागीच थबकला.

"काकू," लखन म्हने, "काका तं..."

"हाय अजून," रामराव म्हने. दोन दम घेतले. "दळन झालं काय तुह्यं?"

गोजराबाईनं दाराबाहेर पाह्यलं. जाळ अजून पेटत होता, अन् त्याच्याभोवती सारी गल्ली उभी. तवा तिले समजलं का आपून काय करून बसलो. लय वाईट वाटलं. मंग तिनं मशीनकडं पाह्यलं.

"लखन," ती हळूच म्हने, "मेल्या मानसासाठी तुमाले डबीच्या खबरीची गरज पडली नाही. सगळं सवताहून बंद केलं. जित्यासाठी अर्धा घंटा नाही सापडत काय, बापा?"

लखन तसाच मांगं फिरला. जाऊन चक्कीच्या भिंतीवर निकिताचा पाळीचा कागद त्यानंच चिकटवला, भिजवलेल्या कनकीनं.

रामराव पुढं सात महिने जगला. त्या सात महिन्यात मशीन लाइनीपायी एकदाबी थांबली नाही. तो गेला तवा आंगनात पानी तापलं, अन् बेचाळीस घरं पुन्यांदा गप झाले. पाळी अजून चालू हाय. आता तिकडच्या टोकाले फुलसिंगच्या आईच्या खाटेपाशी मशीन आली हाय.

आता तुमी घरी चालले, तं एवढं करजा. आपल्या गल्लीत कोनाच्या खाटेपाशी अशी मशीन घरघरते, ते इचारून ठेवजा. अन् आज सात वाजता आपली मोटर अर्धा घंटा उशिरा लावजा.