रात्री बाराची शिरगणती

"एकशे चौऱ्याऐंशी," करअधिकारी बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "मर्यादा एकशे ब्याऐंशीची. त्या वर्षी तुम्ही दोन दिवस जास्त राहिलात. म्हणजे कायद्याने तुम्ही इथल्याच रहिवासी. मग तिकडे घराचा वाटा विकून आलेला पैसाही इथे दाखवायला हवा होता. तुम्ही तो लपवलात."

सिस्टर खुर्चीत ताठ बसल्या होत्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्यांची पाठ खुर्चीला टेकत नसे. दंडाच्या आकड्यापेक्षा तो 'लपवलात' त्यांना जास्त झोंबला. आकडाही काही लहान नव्हता. तो भरायचा तर इथला दोन खोल्यांचा फ्लॅट विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

शेजारी बसलेल्या भाच्याने हळूच कोपर लावलं. "मावशी, सल्लागार काय म्हणाला आठवतंय ना? निम्मे भरू म्हणावं नि सुटावं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"अरे शहाण्या, मी पाण्यात राहात नव्हते हेच तर सिद्ध करायला आलेय!"

एकतीस वर्षं त्यांनी या परमुलखात प्रसूतीच्या वॉर्डात काढली होती. आल्या तेव्हा अंगात एकच गरम कोट, आणि इथली भाषा म्हणजे 'हो', 'नाही' आणि 'जोर लावा' एवढीच. त्याच वॉर्डात त्यांच्याच मुलखातली आणखी एक नर्स होती. वयाने चार वर्षांनी मोठी, तोंडाने चाळीस वर्षांनी. सगळे तिला अक्का म्हणत. दोघींनी जोडून ड्यूट्या केल्या, एकमेकींचे बूट घातले आणि हॉस्पिटलमागच्या गल्लीतला तो फ्लॅट मिळून घेतला. किल्ली हातात आली त्या दिवशी अक्का उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "बघ गं, आता भांडायचं ते आपल्या भिंतींच्या आत. घरमालकिणीला फुकटचा तमाशा नाही!"

निवृत्तीनंतर सिस्टर मायदेशी परतल्या, अक्का इथेच राहिली. पुढच्या खोलीत एक शिकाऊ नर्स भाड्याने ठेवली होती. त्या भाड्यातला आपल्या वाट्याचा कर, फ्लॅटचा कर, सगळं सिस्टर तिकडून दर वर्षी वेळेच्या आधी भरत. आणि मग अक्काने अंथरूण धरलं. सिस्टर धावत आल्या. मधे एकदा तिकडे जाऊन वडिलांच्या घरातला आपला वाटा विकला, अक्काच्या औषधपाण्यासाठी पैसे घेऊन पुन्हा आल्या. त्या दोन मुक्कामांचे दिवस आता या खोलीत मोजले जात होते.

"बाई," सिस्टर म्हणाल्या, "हे एकशे चौऱ्याऐंशी कसे मोजलेत, जरा सांगाल?"

"पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून. पहिल्या खेपेला सत्त्याण्णव, दुसऱ्या खेपेला सत्त्याऐंशी. कॉम्प्युटरने मोजलेत, चूक व्हायची नाही."

"म्हणजे आल्याचा दिवस धरलात, आणि गेल्याचाही धरलात."

"धरणारच की. दोन्ही दिवशी तुम्ही या देशात होताच ना?"

सिस्टरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. भाच्याने हे हसू ओळखलं. लहानपणी पत्त्यांच्या डावात मावशीच्या हातात हुकमाचं पान असलं की असंच यायचं.

"बाई, मी वॉर्डाची मुख्य सिस्टर होते. रोज रात्री बाराच्या ठोक्याला आमची शिरगणती व्हायची. खाटेवर त्या घटकेला जो असेल, तो दिवस त्याच्या नावावर. अकराला घरी गेलेली बाई मोजायची नाही. पावणेबाराला जन्मलेलं पोर मात्र मोजायचं, मग नाळ कापून घटकाही झालेली नसो! आता एका खाटेवरची बाई दुपारी गेली आणि संध्याकाळी दुसरी आली, तर तुमच्या हिशेबाने त्या दिवशी एका खाटेवर दोघी झोपल्या. असं मी लिहिलं असतं तर मेट्रनने मला जिन्यावरून खाली ढकललं असतं."

अधिकारी बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "हॉस्पिटलचा नियम वेगळा, कराचा वेगळा."

"तोच तर आहे! तुमच्याच नोटिशीच्या पाठीवर आहे, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. दोन चष्मे लावून वाचलंय मी." सिस्टरांनी कागद उलटा करून पुढे सरकवला. "'मध्यरात्री व्यक्ती देशात असल्यास तो दिवस धरावा.' आले दोन्ही वेळा सकाळी, ते दिवस धरा. गेले दोन्ही वेळा रात्री नऊच्या विमानाने. बाराला मी ढगात होते. ढगांवर तुमचा कर आहे का?"

त्यांनी विमानाचे दोन जुने पास कागदावर ठेवले. अधिकारी बाईंनी ते पाहिले, मग कागदाची पाठ वाचली, मग एक जाडजूड नियमावली काढून तीही वाचली. मग कॉम्प्युटर बाजूला सारून कपाटातून त्या वर्षीचं जुनं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि पेन्सिलीने एकेक रात्र टिपू लागल्या. सिस्टरही बोटांच्या पेरांवर मोजत होत्या.

"शहाण्णव," बाई म्हणाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "शहाऐंशी."

"एकशे ब्याऐंशी!" भाचा ओरडलाच. बाहेरच्या बाकावरच्या माणसांनी दारातून डोकावून पाहिलं.

"इतकं काटेकोर कसं जमवलंत?" बाईंनी विचारलं. आवाजातली सरकारी कड गेली होती.

"मी नाही जमवलं. अंथरुणावरून अक्का मोजायची. शेवटच्या दिवशी म्हणाली, 'जा आता. आज राहिलीस तर फ्लॅट जाईल. माझ्यापायी आपलं घर घालवलंस तर मी वर गेल्यावरही बोलणार नाही तुझ्याशी.' गेले मी. विमानातून उतरले तर फोन आला."

बाईंनी मागणी रद्द केल्याचा कागद काढला, सही केली.

"अजून एक," सिस्टर म्हणाल्या. "ते 'माहिती लपवली' लिहिलंय ना, तेही खोडा. दया म्हणून पैसे माफ नकोत मला, आणि लपवल्याचा डागही नको. खोडा."

भाच्याने डोळे वटारले. पण बाईंनी जाड पेनने ते दोन शब्द आडवे खोडले, शेजारी सही केली आणि उठून उभ्या राहिल्या. वरिष्ठांसाठी उभं राहतात तशा.

"मालमत्तेच्या तक्त्यात एवढं भरून द्या," त्या म्हणाल्या. "सहमालकाचं नाव. आणि पुढे, हयात नसल्यास तारीख."

सिस्टरांनी अक्काचं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न जोडता. पुढे तारीख लिहिली. तक्त्यात वेळेसाठी रकाना नव्हता, तरी त्यांनी समासात लिहिलं: पहाटे चार वाजून दहा मिनिटे. खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.